वर्षाचं पॅकेज आत्ताच नको, आधी १२ आठवड्यांचेच पैसे भरा

नमस्कार ताई,

तुमचा हिशोब आधी मी समजलो तसा मांडतो, चुकत असेल तर सांगा. बाबा ६३ वर्षांचे, अडीच महिन्यांपूर्वी स्ट्रोक झाला, उजवा पाय कमजोर आहे, काठी घेऊन आणि कोणीतरी सोबत धरून चालतात. फिजिओ आठवड्यातून तीनदा घरी येतात, त्यांनी मागच्या आठवड्यात मोजलं तेव्हा १० मीटरला ३२ सेकंद लागले. आता एका कंपनीने रिमोट रिहॅबचं वर्षाचं पॅकेज दाखवलंय, पायाला बांधायचे सेन्सर, टॅबलेट, व्हिडिओवर थेरपिस्ट वगैरे, एकरकमी भरलं तर २० टक्के सूट, नाहीतर ईएमआय. एकरकमी रक्कम म्हणजे तुमचा अडीच महिन्यांचा घरखर्च, आणि ती यायची एफडी मोडून, जी एफडी म्हणजे तुमचा सहा महिन्यांचा इमर्जन्सी फंड. घरात आता पगार एकच, तुमचा. भाऊ म्हणतोय कशाला, व्हिडिओ बघून आपणच करून घेऊ.

माझं मत सरळ सांगतो. खर्च करा, आत्ताच करा, पण वर्षाचे पैसे आत्ता देऊ नका.

आत्ताच का, तर चालण्यातली बरीचशी सुधारणा सुरुवातीच्या महिन्यांतच होते. कोपनहेगनमध्ये १९९५ साली एक मोठा अभ्यास आला होता, त्यात ९५ टक्के पेशंटचं चालणं जिथवर सुधारायचं तिथवर ११ आठवड्यांत पोचलं होतं. हे वाचून घाबरू नका, कारण अमेरिकेतल्या २०११ च्या लीप्स चाचणीत ज्यांना ट्रेडमिलचं ट्रेनिंग सहा महिन्यांनी सुरू केलं तेही वर्षाच्या शेवटी लवकर सुरू केलेल्यांच्या बरोबरीला होते. म्हणजे दार बंद होत नाही, पण आत्ताचे महिने जास्त कामाचे आहेत. एफडीचं व्याज थोडं बुडलं तर बुडू दे, त्यासाठी हे महिने घालवू नका.

त्याच चाचणीतली अजून एक गोष्ट खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ४०८ लोक होते, काहींना पट्ट्याने वर उचलून धरून ट्रेडमिलवर चालवलं, काहींना फिजिओने घरी जाऊन ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम दिले, आणि वर्षाच्या शेवटी दोन्हीकडे फायदा सारखाच. मशीन भारी म्हणून पाय जास्त सुधारला असं झालं नाही. ज्यांना अजिबात चालता येत नाही त्यांना पहिल्या तीन महिन्यांत फिजिओच्या जोडीने रोबोटिक मशीनचा उपयोग होतो, पण बाबा तर चालतायत. म्हणून पॅकेजमधल्या सेन्सरची किंमत किती आणि थेरपिस्टच्या वेळेची किती हे वेगवेगळं विचारा. आठवड्यातून किती वेळा माणूस लाइव्ह बघणार, किती मिनिटं, आणि दर वेळी तोच थेरपिस्ट असेल की रोज नवीन.

रिमोटवाले तुम्हाला सांगतील की घरून केलेलं क्लिनिकइतकंच चालतं हे सिद्ध झालंय. २०१९ ची एक चांगली चाचणी आहे खरी, १२४ पेशंट, ३६ सेशन, निकाल क्लिनिकच्या तोडीस तोड. पण ती हाताची होती! हाताचा व्यायाम खुर्चीत बसून स्क्रीनसमोर होतो, पायावर मात्र वजन टाकावं लागतं आणि वजन टाकताना माणूस पडू शकतो. साधं खुर्चीतून उठणं घ्या. बाबा उठताना बहुतेक उजवं पाऊल पुढे सरकवत असतील आणि सगळा भार डाव्यावर घेऊन उठत असतील, बघा एकदा. चांगला फिजिओ ते पाऊल हाताने मागे, गुडघ्याच्या रेषेच्या थोडं मागे आणून ठेवतो, मग उजव्या पायाला काम करावंच लागतं. सेन्सर फक्त किती वेळा उठले एवढंच मोजणारा असेल तर चुकीच्या आणि बरोबर, दोन्ही उठण्यांना २० पैकी २० देईल. त्यामुळे डेमोमध्ये हेच करून बघा, बाबांना उठायला सांगा आणि समोरचा माणूस पावलाबद्दल काही बोलतो का ते ऐका. कॅमेऱ्यात डोक्यापासून पावलापर्यंत बाबा दिसले पाहिजेत, टेबलावर टॅबलेट ठेवला की फक्त छाती दिसते आणि मग त्या सेशनला काही अर्थ नाही.

भावाच्या मुद्द्याबद्दल. घरच्यांनी शिकून करून घ्यायचं हा प्रयोग आपल्याकडे भारतातच मोठ्या प्रमाणात झालाय, अटेंड नावाची चाचणी, १२५० पेशंट, २०१७ मध्ये निकाल आला, आणि नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फायदा दिसला नाही, तिथे तर घरच्यांना रीतसर ट्रेनिंग दिलं होतं. तुमच्या भावाने तर नुसते व्हिडिओ बघितलेत. पण त्याला सोडू नका, तो लागणारच आहे, कारण रिमोट सेशन चालू असताना बाबांच्या कमजोर बाजूला कोणीतरी उभं असणं गरजेचं आहे. हा खर्च कंपनीच्या कोटेशनमध्ये नसतो. तुम्ही त्यासाठी रोज ऑफिसमधून तासभर आधी निघणार असाल किंवा कोणाला पगार देऊन ठेवणार असाल तर तो आकडा पॅकेजमध्ये मिळवा आणि मग घरी येणाऱ्या फिजिओशी तुलना करा, कदाचित फिजिओ स्वस्त पडेल.

आता सूट. वर्षाला २० टक्के सूट म्हणजे तुम्ही ९.६ महिन्यांचे पैसे भरताय, म्हणजे साडेनऊ महिन्यांच्या आत बाबांनी हे सोडलं तर सूट गेली आणि वर नुकसान. आणि सोडायची कारणं भरपूर असतात, स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एकाला डिप्रेशन येतं, बाबा टॅबलेटला कंटाळतील, किंवा इतके छान चालायला लागतील की गरजच उरणार नाही. सूट न घेता महिन्याने भरलं तर एक हप्ता साधारण पाव महिन्याच्या घरखर्चाएवढा येतो. तीन महिने घेतलेत तर पाऊण महिन्याच्या थोडं वर, फंडात पाच महिन्यांचा खर्च शिल्लक राहतो. एकरकमी भरलंत तर साडेतीनच. एका पगाराच्या घरात, जिथे बीपीच्या गोळ्या आणि तपासण्या एक दिवसही चुकवून चालणार नाहीत, तिथे हा फरक मोठा आहे. त्या गोळ्यांचे पैसे सगळ्यात आधी बाजूला, रिहॅब त्याच्यानंतर.

एफडी पूर्ण मोडू नका. काही रक्कमच मोडता येते का ते बँकेत विचारा, नाहीतर एफडीवर कर्ज मिळतं का बघा, थोड्या काळासाठी ते बरं पडतं. ईएमआय मात्र नको. तो बऱ्याचदा कंपनीचा नसतो, मागे वेगळाच फायनान्सवाला असतो, उद्या सेवा बंद पडली किंवा तुम्ही सोडली तरी हप्ता तुमच्या खात्यातून जातच राहतो, "नो कॉस्ट" लिहिलेलं असलं तरी.

इन्शुरन्सवाल्यांना आजच मेल टाका, फोनवर ठेवू नका. डिस्चार्जनंतर ठराविक दिवसांपर्यंतचा खर्च काही पॉलिसींमध्ये मिळतो आणि तुमचे अडीच महिने झालेत, ती मुदत संपत आली असू शकते. रिमोट सेशन, घरची फिजिओ आणि पाऊल लोंबकळत असेल तर घोट्याला लावायचा एएफओ स्प्लिंट, तिन्ही वेगवेगळे विचारा. तो स्प्लिंट लागणार आहे का हे डॉक्टरांना आधी विचारून घ्या, कधीकधी एवढ्यानेच चालणं लगेच सुधारतं आणि त्याचा खर्च या पॅकेजपुढे काहीच नाही.

आणि १२ आठवड्यांनी काय बघायचं ते आत्ताच लिहून ठेवा. स्ट्रोकनंतर चालण्याचा वेग सेकंदाला ०.१६ मीटरने वाढला तर तो माणसाला जाणवेल इतका फरक धरतात. बाबांचे ३२ सेकंद त्या हिशोबाने साधारण २१ वर यायला हवेत. २५ च्या खाली आले की वेग ०.४ च्या वर जातो, म्हणजे घरातल्या घरात चालण्यापासून थोडं बाहेर पडण्याकडे. सगळं श्रेय पॅकेजचं नसेल, या काळात शरीर स्वतःही सावरत असतं, पण २८-३० वरच अडकले असतील तर चौथ्या महिन्याचे पैसे भरायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. मोजायचं काम घरी येणाऱ्या फिजिओंकडे द्या, पॅकेज विकणाऱ्यांकडे नको.

फिजिओंना लगेच बंदही करू नका. तीनचे दोन दिवस करा, मधल्या दिवसांत रिमोट, आणि दोघांना एकमेकांचा नंबर द्या. कंपनी महिन्याने पैसे घ्यायला तयार नसेल, किंवा रिफंडचं लेखी देत नसेल, तर नाद सोडा आणि त्याच पैशात फिजिओंना आठवड्यातून पाच दिवस बोलवा.