माशीमार हे आडनाव, कूळ नव्हे

या वेळी माशीमार पक्ष्यांच्या नात्यागोत्याविषयी आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (सावंतवाडी): आमच्या परसात नाचण असतो, हिवाळ्यात स्वर्गीय नर्तक येतो आणि ओढ्याकाठी टिकेलचा निळा माशीमार दिसतो. जुन्या पुस्तकात तिघे एकाच कुलात होते, नव्या यादीत तीन वेगळ्या कुलांत. बरोबर काय?

नवी यादी. ‘माशीमार’ हे देशमुख किंवा कुलकर्णी यांसारखे कामावरून पडलेले आडनाव आहे. आडनाव एकच असले म्हणून सगळी घराणी एका मूळपुरुषाची ठरत नाहीत.

फांदीवर ताठ बसायचे, झेप घेऊन हवेतला किडा टिपायचा आणि बैठकीवर परतायचे, या धंद्याला चपटी, बुडाशी रुंद चोच आणि आखूड पाय सोयीचे पडतात. त्यामुळे वेगवेगळ्या वंशांत तीच ठेवण स्वतंत्रपणे घडली. चोचीच्या मुळाशी असलेले राठ केस किडे गोळा करणारी जाळी आहेत असे पूर्वी मानत. प्रयोगांतून मात्र ते डोळ्यांचे रक्षण करतात असे दिसले. म्हणजे जी खूण वर्गीकरणात वापरली जात होती, तिच्या कामाबद्दलचा समजही कच्चाच होता.

गेल्या शतकातल्या अनेक भारतीय पुस्तकांत सातभाई, वटवटे, कस्तूर आणि माशीमार असे सगळे मस्किकॅपिडी या एकाच अवाढव्य कुलात कोंबलेले असत. १९८०च्या दशकात सिब्ली आणि आल्क्विस्ट या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञांनी दोन जातींच्या डीएनएचे एकेरी धागे जुळवून ती जोडी किती तापमानाला सुटते हे मोजले. जुळणी जितकी सदोष, तितकी ती कमी तापमानाला सुटते. त्यात नाचण आणि स्वर्गीय नर्तक हे कावळा, कोतवाल, खाटीक, हळद्या यांच्या गोतात जाऊन बसले. ही पद्धत ढोबळ होती आणि तिचे बरेच निष्कर्ष पुढे बदलले, पण हा टिकला. आज नाचण ऱ्हिपिड्युरिडीत, स्वर्गीय नर्तक मोनार्किडीत आणि मस्किकॅपिडीत तुमच्या तिघांपैकी फक्त टिकेलचा.

दुर्बिणीतूनही याचा एक पुरावा दिसतो. मस्किकॅपिडीतली नुकती उडू लागलेली पिल्ले ठिपकेदार असतात, स्वर्गीय नर्तकाची तशी नसतात. फक्त ठिपके दिसले की लगेच माशीमार म्हणू नका. कस्तुरांची पिल्लेही ठिपकेदारच.

राखी डोक्याचा, पिवळ्या पोटाचा चिमुकला माशीमार तर चौथ्याच घरचा, स्टेनोस्टिरिडी कुलातला. त्याचे जवळचे नातलग वल्गुली (टिट). आणि अमेरिकेतले टायरंट माशीमार आपल्या टिकेलपेक्षा नवरंगाला जवळचे आहेत. दोघेही गायक पक्ष्यांच्या मुख्य शाखेबाहेरचे. पूर्व अमेरिकेतल्या फीबी या टायरंट माशीमाराची पिल्ले इतरांचे गाणे कानावर न पडताही आपल्या जातीचे गाणे नीट गातात. टिकेल ज्या शाखेत येतो, तिथे गाणे ऐकून शिकावे लागते.

प्रश्न (महाबळेश्वर): पहाटे शीळ घालणारा शीळकरी कस्तूर आता माशीमारांत घातला आहे म्हणे. एवढा थोराड पक्षी, तोही ओढ्यात चालणारा! याला काही अर्थ आहे का?

आहे. माशा न मारणारे माशीमार मस्किकॅपिडीत भरपूर आहेत. दयाळ, चीरक, गप्पीदास आणि थिरथिरा हेही पूर्वी कस्तुरांच्या कुलात मोडत. अनेक जनुकांचे क्रम एकत्र तपासल्यावर ते माशीमारांच्या फांद्यांमध्ये विखुरलेले निघाले, आणि २०१०च्या एका मोठ्या अभ्यासाने या कुलातल्या जुन्या प्रजातींची (जवळच्या जातींच्या गटांची) बरीच मोडतोड केली. चीरक एकटाच एका प्रजातीत होता, तो आता दयाळाच्या प्रजातीत आहे. महाबळेश्वरलाच दिसणारा नारिंगी डोक्याचा कस्तूर मात्र खरा कस्तूर. तो टर्डिडी या कस्तुरांच्या कुलातच राहिला.

सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडचे उदाहरण याहून बोलके आहे. निलगिरी आणि अनामलाई डोंगरांतल्या शोला रानांतले (डोंगरमाथ्यावरच्या सदाहरित झाडीतले) गर्द निळे पक्षी हिमालयातल्या शॉर्टविंग या आखूड पंखांच्या पक्ष्यांचे भाऊबंद समजले जात. २०१७ मध्ये त्यांच्यासाठी शोलिकोला ही नवी प्रजाती मांडली गेली, कारण डीएनए त्यांना निळ्या माशीमारांकडे नेत होता. पालघाट खिंडीच्या उत्तरेला एक जाती, दक्षिणेला दुसरी, आणि शेनकोट्टा खिंडीपलीकडे अशांबू डोंगरांत तिसरी. डोंगरमाथ्याला जखडलेल्या पक्ष्याला सखल खिंड समुद्रासारखी आडवी येते.

प्रश्न (पुणे): दोन जातींचा संकर होत असेल तर त्यांना दोन जाती का म्हणायचे?

कारण संकर होणे आणि संकराचा वंश पुढे चालणे यांत फरक आहे. स्वीडनच्या ओलांड बेटावर कॉलर्ड आणि पाइड हे फिसेड्युला प्रजातीतले दोन माशीमार शेजारी घरटी करतात आणि अधूनमधून जोडीही जमवतात. संकर माद्या वांझ निघतात. पक्ष्यांत नराकडे झेडझेड आणि मादीकडे झेडडब्ल्यू ही लिंग ठरवणारी गुणसूत्रे असतात. संकराचा फटका आधी असमान गुणसूत्रे असलेल्या लिंगाला बसतो, हा हाल्डेनचा नियम इथे तंतोतंत दिसतो. संकर नरांच्या शुक्राणूंतही दोष आढळले आहेत. शिवाय मध्य युरोपात दोघे एकत्र राहतात तिथले पाइड नर काळे-पांढरे न राहता मादीसारखे तपकिरी असतात आणि तिथल्या पाइड माद्या तपकिरीच नर पसंत करतात. चुकीच्या जोडीची किंमत मोठी असली की वेगळे दिसण्यात फायदा असतो.

२०१२ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या गटाने कॉलर्डचा संपूर्ण जनुकसंच वाचला. दोन्ही जातींतला फरक सगळीकडे सारखा पसरलेला नव्हता; सुमारे ५० ठिकाणी त्याचे उंच ढीग होते. ‘जाती वेगळ्या ठेवणारी जनुके इथेच असणार’ असे वाटणे साहजिक होते, पण असे ढीग एकमेकांशी संकर न होणाऱ्या फिसेड्युला जातींतही त्याच जागी सापडले. तिथे पुनर्संयोजन, म्हणजे गुणसूत्रांच्या जोडीतली तुकड्यांची अदलाबदल, कमी होते. त्यामुळे एका जनुकावर नैसर्गिक निवड झाली की शेजारची विविधताही धुऊन जाते आणि फरक फुगून दिसतो. नुसता ढीग पाहून कारण ठरवू नये.

प्रश्न (कोल्हापूर, एमएस्सीची विद्यार्थिनी): माशीमाराच्या रक्तातून तंतुकणिकेतले (मायटोकाँड्रियातले) जनुक वाचताना क्रमाच्या आलेखात एकाच जागी दुहेरी शिखरे येतात. नमुना दूषित झाला असेल का?

तसे असू शकते, पण आधी नकली प्रतींचा संशय घ्या. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते, म्हणून रक्ताच्या एका थेंबातही केंद्रकातला डीएनए मुबलक मिळतो, मात्र तंतुकणिका कमी. उत्क्रांतीच्या ओघात तंतुकणिकेतले काही तुकडे केंद्रकातल्या गुणसूत्रांत जाऊन बसलेले असतात. प्राइमर (हवा तो तुकडा शोधणारा डीएनएचा छोटा धागा) त्यांनाही पकडतो आणि दोन क्रम एकावर एक छापले जातात. क्रमाचे प्रथिनात भाषांतर करून पाहा: मध्येच प्रथिन संपवणारा थांबा-संकेत आला किंवा एखादा अक्षर कमी-जास्त होऊन वाचन सरकले, तर ती नकली प्रत. यावर उपाय म्हणजे स्नायूचा नमुना, किंवा लांब तुकड्याच्या प्रती काढून त्यातून हवा तो भाग घेणे. तंतुकणिकेतले सायटोक्रोम-बी हे जनुक १,१४३ अक्षरांचे आहे. ३००च्या तुकड्यावर भागवू नका.

लिंग ठरवताना झेड आणि डब्ल्यू दोन्हींवर असलेल्या सीएचडी जनुकाच्या तुकड्याच्या प्रती काढल्या की नराची एक पट्टी येते, मादीच्या दोन. त्या लांबीने इतक्या जवळच्या असतात की १ टक्क्याच्या ॲगरोज जेलवर (त्यात डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात) एकच वाटतात आणि मादी नर ठरते. ३ टक्के घ्या, जेल सावकाश चालवा आणि लिंग माहीत असलेले दोन नमुने शेजारी ठेवा.

रक्त किती घ्यावे? शरीराच्या वजनाच्या १ टक्क्याहून जास्त कधीच नाही. १० ग्रॅमच्या पक्ष्यासाठी ही मर्यादा ०.१ मिलिलिटर; तुमच्या कामाला त्याचा पाचवा हिस्साही पुरतो. वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय पक्षी पकडणे हीच शिकार, तेव्हा ते पत्र आधी हातात हवे.

प्रश्न (नाशिक): स्वर्गीय नर्तकाचा तांबूस, आखूड शेपटीचा पक्षी दिसला की मादीच समजायची ना?

नाही. गळा पाहा. करडा असेल तर मादी, काळा असेल तर कोवळा नर.