घराबाहेर न पडणाऱ्या फेरेटलाही हार्टवर्मचे औषध द्यावे का?

अमेरिकेतील ह्यूस्टनला राहायला आल्यावर डॉक्टरांनी हार्टवर्म रोखण्यासाठी दर महिन्याचे औषध लिहून दिले, पण आपला फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी) फ्लॅटबाहेर जातच नाही, मग या औषधाची खरोखर गरज आहे का, असे आपण विचारले आहे. मी याच शहरात अनेक वर्षे फेरेट पाळत आहे आणि माझे उत्तर निःसंदिग्धपणे ‘होय’ असे आहे.

हार्टवर्म म्हणजे हृदयात वाढणारा जंत. तो डासाच्या चाव्यातून शरीरात शिरतो आणि डास घरात येतोच. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यालगतचा हा भाग अमेरिकेत या रोगाचा सर्वाधिक प्रादुर्भाव असलेल्या भागांपैकी आहे, शिवाय येथील हिवाळा सौम्य असल्यामुळे औषधात खंड न पाडता ते बारा महिने द्यावे. कुत्र्याच्या शरीरात बरेच जंत असूनही काही काळ लक्षणे दिसत नाहीत. फेरेटचे हृदय मात्र इतके लहान असते की एक-दोन जंतही त्याच्या जिवावर बेतू शकतात. मलूलपणा, खोकला, धाप लागणे, छातीत पाणी होणे ही लक्षणे दिसतात, तर कधी कोणतीही पूर्वसूचना न मिळता मृत्यू ओढवतो.

निदानही सोपे नाही. फेरेटच्या रक्तात जंताच्या सूक्ष्म अळ्या क्वचितच सापडतात आणि नेहमीची अँटिजेन चाचणी प्रौढ मादी जंताचा अंश शोधत असल्याने, केवळ नर जंत असल्यास ती निगेटिव्ह येते. म्हणून डॉक्टर हृदयाची सोनोग्राफीही करून घेतात. प्रौढ जंत मारण्यासाठी कुत्र्यांना दिले जाणारे मेलार्सोमिन फेरेटच्या बाबतीत फार धोक्याचे ठरते. त्यामुळे मी सारा भर प्रतिबंधावर देतो.

प्रतिबंधक औषध पुढचा महिनाभर डास रोखून धरते, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक ते मागील महिन्यात शरीरात शिरलेल्या कोवळ्या अळ्या मारते. अळ्या मोठ्या झाल्या की त्याचा भरवसा उरत नाही, म्हणून तारीख चुकवू नये.

फेरेटसाठी एफडीएची (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची) मान्यता असलेले औषध म्हणजे मांजरांसाठीचे, त्वचेवर लावायचे ‘अ‍ॅडव्हांटेज मल्टी’. त्याची ०.४ मिलिलिटरची नळीच वापरावी. कुत्र्यांसाठीच्या औषधात मॉक्सिडेक्टिन या अळ्या मारणाऱ्या घटकाचे प्रमाण अडीच पट असते, ते मुळीच लावू नये. मानगूट धरली की फेरेट बहुधा लांब जांभई देतो आणि अंग सैल सोडतो. त्याच वेळी मानेमागचे केस बाजूला करून औषध थेट त्वचेवर सोडावे, कारण ते केसांवरच राहिले तर उपयोग होत नाही.

आपला फेरेट ०.९ किलोपेक्षा हलका असेल, आणि माद्या पुष्कळदा तेवढ्याच असतात, तर डॉक्टरांना वजन सांगून निर्णय त्यांच्यावर सोपवावा. काही डॉक्टर पर्याय म्हणून तोंडावाटे द्यायचे आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक पातळ स्वरूपात तयार करून घेतात. ते प्रकाशात खराब होत असल्याने गडद रंगाच्या बाटलीतच ठेवावे, आणि घोड्यांसाठी मिळणाऱ्या पेस्टमधून घरच्या घरी मात्रा काढण्याचा प्रयत्न कृपया करू नये.