सीआरएमला ईमेल जोडताना परवाने किती लागतात?

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये आमचा यंत्रांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. चौघा विक्री प्रतिनिधींसाठी डायनॅमिक्स ३६५ हे मायक्रोसॉफ्टचे सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवणारी प्रणाली) घेतले, चौघांकडे आउटलुकही आहे. पण दोघांचे ईमेल जोडलेच जात नाहीत. त्या दोघांकडे ‘मायक्रोसॉफ्ट ३६५ ॲप्स फॉर बिझनेस’ ही योजना आहे.

अडचण त्या योजनेतच आहे. तिच्यात आउटलुक हा प्रोग्रॅम मिळतो, मेलबॉक्स मिळत नाही. डायनॅमिक्सचा परवाना सीआरएम वापरण्यापुरता असतो आणि मेलबॉक्स एक्सचेंज ऑनलाइन या मायक्रोसॉफ्टच्या ईमेल सेवेच्या परवान्याबरोबर येतो. हे दोन्ही त्या व्यक्तीच्या नावावर असावे लागतात. या दोघांना ‘बिझनेस बेसिक’ ही एक्सचेंज ऑनलाइन असलेली योजना दिलीत तरी प्रत्येकी किमान ५० जीबीचा मेलबॉक्स मिळेल. त्यानंतर ॲडमिनने डायनॅमिक्समध्ये प्रत्येक मेलबॉक्सला मंजुरी देऊन ‘टेस्ट अँड एनेबल’ (चाचणी घेऊन सुरू) करून घ्यावे, कारण परवाना असूनही काम अडते ते बहुधा याच पायरीवर.

प्रश्न : महापे येथील आमच्या कार्यालयात चौकशीचा एकच सामाईक पत्ता आहे. त्याला वेगळा परवाना घ्यावा का?

शेअर्ड मेलबॉक्स ५० जीबीपर्यंत विनापरवाना चालतो, आणि तो डायनॅमिक्समधील ‘क्यू’ला (हाताळायच्या मेल व कामांच्या सामाईक यादीला) जोडला तर त्या क्यूसाठीही वापरकर्त्याचा परवाना लागत नाही. मात्र ड्रॉइंग आणि कोटेशनच्या जड फायली रोज येत असतील, तर मर्यादेकडे लक्ष ठेवा. ती ओलांडली की परवाना घ्यावाच लागतो. या सवलतीचा अर्थ पुष्कळजण ताणतात आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना एकाच लॉगिनवर बसवतात, म्हणून स्पष्ट सांगतो : सवलत पत्त्याला आहे, माणसांना नाही. तो मेलबॉक्स उघडणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचा एक्सचेंज परवाना हवा, आणि सीआरएममध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाकडे डायनॅमिक्सचाही. एकाच लॉगिनमुळे नियमभंग तर होतोच, शिवाय ग्राहकाला कोणता भाव कोणी कळवला हे नोंदींवरून कधीच कळत नाही. माझ्या मते हे नुकसान परवान्याच्या खर्चाहून मोठे आहे.

प्रश्न : वाशीतील आमच्या दुकानाचा मेल वेबसाइटच्या होस्टिंगवर, पीओपी३ (सर्व्हरवरून मेल उतरवून घेण्याच्या) पद्धतीने चालतो. एक्सचेंजशिवाय भागेल का?

बहुधा भागेल; पण फक्त ईमेलच जोडले जातील. भेटींच्या वेळा, संपर्क आणि कामांच्या नोंदी पीओपी३वरून येत नाहीत, आणि आउटलुकमधले डायनॅमिक्सचे ॲपही वापरता येत नाही. त्यामुळे विक्री प्रतिनिधींच्या भेटींचे वेळापत्रक सीआरएममध्ये हवे असेल, तर निदान तेवढ्याजणांसाठी एक्सचेंज घ्या.