छळछावणीत सर्वस्व हिरावले जात असताना ज्यू कुटुंबांचे फोटो उरले कसे?

तुम्ही विचारले आहे की नाझींच्या छावणीत पोचताच अंगावरच्या कपड्यांसकट सारे काढून घेतले जात असेल, तर ज्यू कुटुंबांचे एवढे फोटो आज आले कुठून.

बहुतेक फोटो वाचले ते घरात नव्हते म्हणून. सप्टेंबर १९४१ मध्ये लिथुआनियातील एशिशोक या गावातले आणि आसपासचे सुमारे ३,५०० ज्यू दोन दिवसांत गोळ्या घालून मारले गेले. पण परदेशी गेलेल्या नातलगांना त्यांनी पाठवलेले फोटो तिकडे सुरक्षित राहिले. याफा एलिआख यांनी, ज्यांच्या आजीआजोबांचा गावात फोटो स्टुडिओ होता, ते वर्षानुवर्षे घरोघरी फिरून जमवले. त्यांपैकी सुमारे हजार फोटो वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) संग्रहालयातील उंच मनोऱ्यात लावलेले आहेत.

लोकांनी सोबत नेलेले फोटो छावणीत सहसा जाळले जात. तरीही पोलंडमधील आउशवित्झ छावणीत सुमारे २,४०० वाचले, आणि त्यांत लग्नाचे, बाळाचे, सहलीचे असे आपल्याही घरी असतात तसेच फोटो आहेत.

पण मला सर्वांत विलक्षण वाटते ती लिली जेकब या ज्यू तरुणीची हकीकत. मे १९४४ मध्ये तिला कुटुंबासह आउशवित्झला नेले. पुढे ती शेकडो किलोमीटर दूरच्या, जर्मनीतील डोरा छावणीत पोचली आणि सुटकेच्या सुमारास एसएस या नाझी निमलष्करी दलाच्या ओस पडलेल्या बराकीत तिला एक अल्बम सापडला. ‘हंगेरीतील ज्यूंचे पुनर्वसन’ असे निर्लज्ज शीर्षक असलेल्या त्या अल्बममध्ये तिच्याच गावच्या रब्बींचा (ज्यू धर्मगुरूंचा) फोटो होता. पुढे तिचे दोन धाकटे भाऊ होते, कोट-टोपी घातलेले, कॅमेऱ्याकडे पाहणारे. दोघेही नंतर मारले गेले. हे फोटो एसएसच्या माणसांनी आपल्या कामाची नोंद म्हणून काढले होते, पण तिच्यासाठी तो घरचाच अल्बम ठरला.

युद्धानंतर ज्यांनी त्यात आपले माणूस ओळखले, त्यांना तिने काही फोटो काढून दिले. १९८० मध्ये अल्बम जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेकडे गेला, तो त्या फोटोंवाचूनच.