फोक खाली ठेवताना

“मारायचं नाही हे कळलं मॅडम, पण मग लेकरं ऐकणार कशी?” प्राथमिक शिक्षकांशी बोलताना हा प्रश्न मला सतत विचारला जातो, आणि विचारणारे बहुतेक जण मनाने कठोर नसतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करते, हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याचा भंग केल्यास सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, हे त्यांना ठाऊक असते. तरीही ‘थोडा धाक हवाच’ ही समजूत मनातून जात नाही. ती का जात नाही, हे मला एका शिक्षकासोबत काम करताना नीट उमगले. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून तो अनुभव येथे मांडते.

हे सर बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एका द्विशिक्षकी शाळेवर आहेत. पहिली आणि दुसरी असे दोन वर्ग एकाच खोलीत त्यांच्याकडे असतात. अंबाजोगाईला माझ्याकडे समुपदेशनासाठी ते आले ते झोप लागत नाही म्हणून. कारण विचारले तेव्हा बराच वेळ पटसंख्या, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचे हिशेब असे बोलत राहिले आणि निघताना, उभ्या उभ्या, त्यांनी खरी गोष्ट सांगितली. दुसरीतली एक मुलगी खाली मान घालून पाटीवर लिहीत असताना तिच्या केसांत लिंबाची काडी अडकलेली त्यांना दिसली. ती काढावी म्हणून त्यांनी हात पुढे केला, तशी मुलीने पेन्सिल टाकली, दोन्ही कोपरे वर घेऊन डोके झाकले आणि डोळे घट्ट मिटून ती तशीच बसून राहिली. काडी सरांच्या बोटांत होती आणि मुलगी काही केल्या डोळे उघडत नव्हती. “त्या दिवशी मी तिला काहीच केलं नव्हतं,” ते म्हणाले. मी त्यांना पुन्हा बसायला सांगितले.

सर ऊसतोड कामगारांच्या घरातले. दिवाळी झाली की मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर, म्हणजे आगाऊ पैशांवर, आईवडील पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याकडे निघत, धाकटी भावंडे त्यांच्यासोबत कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, जात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळे गावी परतत. ते तिसरीत असताना त्यांनाही न्यायचे ठरले होते. पण गावातल्या गुरुजींनी वडिलांना सांगितले, ‘हे पोरगं माझ्याकडे राहू दे.’ तेव्हापासून सातवीपर्यंत प्रत्येक हंगामात ते गुरुजींच्या ओसरीवर झोपले. हेच गुरुजी चिंचेच्या फोकाने मुलांच्या पोटऱ्या सोलून काढत. पाढा चुकला की फोक, शुद्धलेखन चुकले की अंगठे धरून उभे राहणे. “त्या फोकानं मला उसाच्या फडातून बाहेर काढलं, मॅडम. नाहीतर आज माझ्या हातात खडूऐवजी कोयता असता.”

या वाक्यापुढे मी कोणताही सिद्धान्त मांडला नाही, आणि मांडू नये असे माझे ठाम मत आहे. मारणे चुकीचे आहे असे म्हटले की त्यांच्या कानांवर पडणार होते ते असे की गुरुजी चुकीचे होते आणि त्यांनी सोसलेला मार फुकट गेला. मराठवाड्यातल्या कितीतरी शिक्षकांच्या घरात शिकलेली ही पहिलीच पिढी आहे. कोरडवाहू शेतकऱ्याची, सालगड्याची किंवा ऊसतोड कामगाराची मुले बारावीनंतर डी.एड. करून नोकरीला लागली. शिक्षणाने माणूस कसा वर येतो याचा त्यांच्याजवळचा सर्वांत मोठा पुरावा त्यांचे स्वतःचे आयुष्य आहे. डी.एड.च्या दोन वर्षांत बालमानसशास्त्राचा पेपर दिलेला असतो, परंतु तीसेक मुले एकदम गलका करू लागली की मदतीला धावून येतो तो स्वतः बसलेला जुना वर्ग, त्यातल्या आवाजासकट आणि फोकासकट. शिक्षकाची मुलांविषयीची समजूत पुस्तकातून कमी आणि स्वतःच्या बाकावरून जास्त आलेली असते, म्हणूनच ती नुसत्या परिपत्रकाने हलत नाही.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना एवढेच सांगितले, की गुरुजींकडचा एक संपूर्ण दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत काहीही न गाळता सांगा. ते जवळजवळ पाऊण तास बोलले. पहाटे गुरुजी कंदील लावून उठवत. गुरुजींच्या पत्नी स्वतःच्या मुलांबरोबर त्यांच्याही डोक्याला तेल लावत. कारखान्याच्या पत्त्यावर वडिलांना पोस्टकार्ड लिहिताना गुरुजी खालच्या दोन ओळी त्यांच्याकडून लिहून घेत, आणि वडिलांना वाचता येत नसल्याने ते कार्ड फडावर कोणाकडून वाचून घ्यायचे हेही पत्रातच लिहीत. एकदा ताप आला तेव्हा गुरुजी रात्रभर उशाशी बसून होते. त्या सबंध दिवसात फोक आला तो एकदाच, पाढ्यांच्या वेळी.

मी विचारले, “फोक वर्गातल्या सगळ्यांनाच बसायचा?”

“सगळ्यांनाच.”

“मग सगळेच शिकले का?”

ते खूप वेळ गप्प राहिले. मग त्यांनी नावे घ्यायला सुरुवात केली. बाकावर शेजारी बसणारे दोघे आजही कोयत्यावर जातात. एक चुलतभाऊ माराच्या भीतीने शाळेच्या वेळी ओढ्यात लपून बसायचा आणि चौथीत त्याची शाळा सुटली ती कायमची. फोक सर्वांच्या वाट्याला आला होता. ओसरी मात्र एकट्या त्यांच्या वाट्याला आली होती. हे मी सांगितले नाही. ते स्वतःच म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना रडू कोसळले.

त्यानंतर धाकाविषयी बोलणे शक्य झाले. भेदरलेल्या मुलाचे लक्ष फळ्यावर नसून शिक्षकाच्या हातावर असते. वाचायला शिकणाऱ्या मुलाला अक्षराचा आवाज मनात धरून ठेवायचा, त्याला काना-वेलांटी जोडायची आणि त्यातून ओळखीचा शब्द ऐकू येतो का ते पाहायचे, अशी तीन-चार कामे एकाच वेळी करायची असतात. हात कधी उठेल याचा अंदाज घेण्यात गुंतलेल्या मनात या कामांसाठी जागा उरत नाही. असा वर्ग शांत दिसतो आणि शिक्षकाला वाटते की मुले ऐकत आहेत. मार खाणारे मूल एक गोष्ट मात्र पक्की शिकते, ती म्हणजे न समजलेले विचारायचे नाही.

मी त्यांना तीन आठवडे एक छोटी वही खिशात ठेवायला सांगितली. हात उचलला, किंवा उचलावासा वाटला, की वेळ, मूल आणि त्याच्या आधी काय घडले एवढेच लिहायचे. चूक कोणाची ते लिहायचे नाही. वही घेऊन ते आले आणि माझ्यासमोर ती वाचू लागले. बहुतेक नोंदी मधल्या सुट्टीनंतरच्या होत्या आणि त्यांपैकी कितीतरी नोंदींच्या आधी कसली तरी माहिती तातडीने मागणारा फोन आलेला होता. कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावण्यास मनाई करते, तरी माहिती भरण्याचा भार प्रत्यक्षात त्याच्याच डोक्यावर येऊन पडतो, आणि या बाबतीत शिक्षकांची तक्रार मला अगदी रास्त वाटते. पण वहीत आणखी एक गोष्ट होती. नावे चारच मुलांची पुन्हा पुन्हा येत होती. चौघांपैकी तिघे बंजारा तांड्यावरची होती, घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारी, आणि गेल्या वर्षी पहिलीत असताना आईवडिलांबरोबर पाच महिने ऊसतोडीला गेलेली. काडीवाली मुलगी त्यांच्यातलीच. जे अक्षर शिकवले तेव्हा ती फडावर होती, ते येत नाही म्हणून तिला मार बसत होता. सरांनी वही मिटली आणि ती बराच वेळ दोन्ही हातांत धरून ठेवली.

वर्गात बदल करायचे ठरले ते साधे होते. फोन शेवटच्या तासापर्यंत कपाटात ठेवायचा. पहिली-दुसरी अशी वाटणी बाजूला ठेवून, कोणाला काय वाचता येते त्यावरून गट करायचे. राग अनावर झाला की व्हरांड्यात जाऊन पाणी पिऊन यायचे. मुलांच्या सूचनांतून चार नियम ठरवायचे आणि नियम मोडला तर नुकसान त्याच मुलाने भरून द्यायचे. पाणी सांडले तर पुसायचे, दुसऱ्याची पाटी पुसली तर बसून परत लिहायला मदत करायची. मार नको म्हणजे मोकाट सोडणे, असा अर्थ कोणी काढू नये. शिवाय मुलांकडून गोरमाटी शब्द शिकायचे, असे सरांनी आपणहून ठरवले.

पहिल्या दोन महिन्यांत गलका वाढला. हे जवळजवळ प्रत्येक वर्गात होते, आणि बहुतेक शिक्षक नेमके इथेच हात टेकतात. इतके दिवस भीतीने दाबून ठेवलेली मुले हात उठत नाही हे पाहून आधी त्याची परीक्षा घेतात. मुख्याध्यापक म्हणाले, ‘सर, तुमच्या वर्गाचा आठवडी बाजार झालाय.’ एका मुलाची आजी शाळेत येऊन सांगून गेली, ‘गुरुजी, हाडं तेवढी माझी ठेवा, बाकी लेकरू तुमचं. मारा, पर शिकवा.’ त्या आजीचा सरांना राग आला नाही. तिच्या तोंडून आपले वडीलच बोलत आहेत असे त्यांना वाटले.

सप्टेंबरमध्ये त्यांनी एका मुलाच्या थोबाडीत मारली आणि संध्याकाळी मला फोन केला. आवाज पार खचलेला होता. एवढे चालायचेच, असे मी म्हटले नाही; उद्या काय करणार, एवढेच विचारले. मारले सगळ्यांसमोर होते, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर त्या मुलाला सांगितले, “काल माझं चुकलं.” मुलाने थोडा विचार करून विचारले, “मग आज घंटा मी वाजवू का?”

दिवाळीच्या आधी सर आणि त्यांचे सहकारी तांड्यावर घरोघर गेले. मुलांना हंगामी वसतिगृहात किंवा आजीआजोबांजवळ ठेवा, असे त्यांनी आईबापांना विनवले. काहींनी ऐकले, काही कोयते, म्हणजे ऊस तोडणारी नवराबायकोची जोडपी, लेकरांसकट गेलेच. त्याच सुट्टीत ते आपल्या गुरुजींना भेटायला गेले. गुरुजींनी आता ऐंशी ओलांडली आहे. सरांनी भीत भीत सगळे सांगितले. गुरुजी ऐकत राहिले आणि म्हणाले, “तेव्हा आम्हाला दुसरं काही येत नव्हतं रे. तुला येतंय, तर तू कर.” हे मला सांगताना सरांचा चेहरा मी पहिल्यांदाच इतका मोकळा पाहिला. गुरुजींचे ऋण आणि फोक या दोन गोष्टी त्यांच्या मनात त्या दिवशी खऱ्या अर्थाने वेगळ्या झाल्या असाव्यात.

काडीवाली मुलगी यंदा आजीजवळ राहिली आहे. डिसेंबरमधल्या भेटीत मी तिच्याविषयी विचारले. ती आता डोके झाकत नाही, पण सर पाठीमागून आले तर तिचे खांदे अजून वर जातात. म्हणून ते समोरून जातात, तिच्यापुढे जमिनीवर बसतात आणि दोन्ही हात तिला दिसतील असे ठेवतात. त्या आठवड्यात तिने कोणी न सांगता पाटीवर ‘याडी’ असा शब्द लिहिला होता. गोरमाटीत आईला याडी म्हणतात. शेवटची वेलांटी काढताना पाटी हलू लागली, तेव्हा तिने ती सरांच्या गुडघ्याला टेकवली आणि वेलांटी पूर्ण केली.