किंगफिशर आणि जेट बंद पडल्या, मग इंडिगो कशी टिकली?

जमिनीवर उभं असलेलं विमान नुसतं पैसे खातं, हे इंडिगोने सुरुवातीपासून डोक्यात पक्कं ठेवलं. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

इंडिगोचे संस्थापक राहुल भाटिया आणि राकेश गंगवाल यांनी 2005 मध्ये, स्वतःचं एकही विमान उडत नसताना, एअरबसला एकदम 100 ए320 विमानांची ऑर्डर दिली. एवढ्या मोठ्या ऑर्डरवर सवलतही घसघशीत मिळते. पण खरी गंमत पुढे आहे. विमान ताब्यात आलं की ते भाड्याने देणाऱ्या कंपनीला विकायचं आणि तेच विमान साधारण सहा वर्षांसाठी भाड्याने घ्यायचं. सवलतीत घेतलेलं असल्याने विकताना चार पैसे सुटतात, भांडवल अडकत नाही, आणि मोठ्या खर्चिक दुरुस्त्या निघायच्या आत विमान परत! याला सेल अँड लीजबॅक म्हणतात.

पहिलं विमान 4 ऑगस्ट 2006 रोजी दिल्लीहून गुवाहाटीमार्गे इम्फाळला गेलं. त्यानंतर 2017 च्या अखेरीस एटीआर (पंख्याची छोटी विमानं) येईपर्यंत ताफ्यात फक्त ए320 कुटुंबातलीच विमानं. कुठलाही पायलट कुठल्याही विमानावर बसवा, सुटे भाग तेच, इंजिनिअरचं प्रशिक्षणही तेच. याउलट जेटकडे 737, 777, ए330 आणि एटीआर असा सगळा पसारा. त्यात 2007 मध्ये जेटने एअर सहारा विकत घेतली आणि किंगफिशरने एअर डेक्कनमध्ये पैसे घातले. माझ्या मते दोघींचंही गणित तिथेच बिघडलं. किंगफिशर 2012 मध्ये थांबली, जेट एप्रिल 2019 मध्ये.

पुढच्या वेळी इंडिगोने गेलात तर जरा लक्ष ठेवा. विमान उतरायच्या आधीच केबिन क्रू पिशवी घेऊन कचरा गोळा करत फिरतात. बऱ्याच ठिकाणी शिडीऐवजी उताराचा रॅम्प लावतात, म्हणजे चाकाची बॅग आणि व्हीलचेअर न अडखळता उतरते. उपमा किंवा पोहे कपात, वरून गरम पाणी ओतलं की झालं. अर्ध्या तासाच्या आसपास विमान पुन्हा निघायला तयार. अशी मिनिटं वाचवूनच दिवसात एखादी जास्तीची फेरी बसते. (तो उपमा मला काही फारसा आवडत नाही, पण तो मुद्दा वेगळा.)

आता दुसरी बाजू. सगळं इतकं घट्ट बसवलं की मोकळी जागा उरत नाही. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास झाली आणि रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा आली. त्यासाठी माणसं पुरेशी नव्हती, आणि डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात हजारो उड्डाणं रद्द झाली. नियम अचानक आले असं म्हणायला वाव नाही, तारखा आधीच ठरलेल्या होत्या. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून जास्त लोक एकाच कंपनीने जात असल्यामुळे बाकीच्यांच्या तिकिटांचे भाव इतके भडकले की सरकारला भाड्याची कमाल मर्यादा ठरवून द्यावी लागली: 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, आणि 1,500 किलोमीटरच्या पुढे 18,000.