साधं दुकानातलं काम, तेही मिळालं नाही

जुलै लागला की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. गणपतीच्या आधी कणकवली-कुडाळकडची मोठी दुकानं माणसं भरतात. हायवेलगतच्या दुकानावर ‘स्टाफ पाहिजे’ असा कागद लागतो, बारावी झालेली, पदवीधर झालेली पोरं फाईल घेऊन रांगेत बसतात, पाच-सात मिनिटं बोलणं होतं आणि ‘कळवतो’ म्हणून सांगतात. बहुतेकदा कळवत कोणीच नाही. दहा-पंधरा दिवसांनी आई नाहीतर मोठी बहीण मुलाला घेऊन माझ्यासमोर येऊन बसते. वाक्य जवळपास तेच असतं : साधं दुकानातलं काम, तेही मिळालं नाही.

हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की त्याच्यावर एकदा सविस्तर लिहावं असं मनात होतं. त्यासाठी एका मुलाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कोकणात दर दुसऱ्या वाडीत एक तरी बाबू असतो, म्हणून यालाही बाबूच म्हणू.

वय २२, बी.कॉम., देवगड तालुक्यातलं गाव. आई त्याला एसटीने घेऊन आली होती.

“मॅडम, ह्याका कायतरी सांगा. जेवक बसणा नाय, कोणाशी बोलणा नाय. लोक इचारतत, काय सांगू?”

बाबू जमिनीकडे बघत होता. हातात एसटीचं तिकीट होतं. त्याची घडी घालायची, उलगडायची, परत घालायची, असं चाललं होतं. आईला बाहेर बसवलं तेव्हा कुठे तो बोलला. आमचं सगळं बोलणं मालवणीतच झालं, इथे ते सोपं करून लिहिते.

“इंटरव्ह्यूत नापास झालो.”

“नापास झालास असं कोण म्हणालं?”

“कोणी नाही. बोलावलं नाही म्हणजे तेच की.”

“मग मनात काय येतं?”

बराच वेळ गेला. “जे काम कोणालाही जमतं, तेसुद्धा मला देण्यासारखं त्यांना वाटलं नाही. माझ्यातच कायतरी कमी आहे.”

या मुलांना नोकरी न मिळाल्याचं दुःख असतंच, पण खरा काटा ‘साधं’ या शब्दात असतो. बँकेची परीक्षा हुकली तर घरचे म्हणतात, अवघडच होती, पुढच्या वेळी बघू. दुकानाने घेतलं नाही तर तसं कोणी म्हणत नाही. ते काम आपणच आधी खालच्या पायरीवर ठेवलेलं असतं, म्हणून तिथून नकार आला की आपण त्या पायरीच्याही खाली गेलो असं वाटतं.

म्हणून मी त्याला म्हटलं, तुझी मैत्रीण तिथे लागली आहे ना, तिला विचारून ये दिवसभर काय काय करावं लागतं ते. पुढच्या वेळी तो वहीच घेऊन आला. दिवसभर उभं राहायचं. गिऱ्हाइकाने उलगडून टाकलेले कपडे मापाप्रमाणे परत लावायचे. किराण्यात ज्याची तारीख आधी संपते तो माल पुढे आणायचा, नवा मागे सरकवायचा. बारकोड लागला नाही की मागे लाइन वाढते, ती सांभाळायची. संध्याकाळी काउंटरचा हिशोब जुळला पाहिजे. वाचून झाल्यावर तो म्हणाला, “हे काय साधं नाही हो.” हा शब्द असा सैल होऊ दिल्याशिवाय पुढचं काही बोलून उपयोग नसतो, हे मला इतक्या वर्षांत पुरतं पटलं आहे.

मग मुलाखत पुन्हा उभी केली. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट अडकली होती, की इंग्रजीत स्वतःची ओळख करून देताना तो अडखळला. बाकीचे प्रश्न तो विसरलाच होता. खोदून विचारलं तेव्हा आठवले. राहायला कुठे? गावाहून येणार म्हणजे जाणार कसा, गाडी आहे का? गणपतीत सुट्टी लागेल का?

“तू काय सांगितलंस?”

“पाच दिवस लागतील म्हटलं. घरचा गणपती आहे.”

“दुकान रात्री कधी बंद होतं?”

“साडेनऊला.”

“आणि तुझ्या गावची शेवटची एसटी?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. ती कितीतरी आधी सुटते. चाकरमानी उतरतात तेच दुकानाचे कमाईचे दिवस, आणि त्याच दिवसांत हा रजा मागत होता. याच कारणाने घेतलं नाही असं मी म्हणणार नाही, खरं कारण दुकानालाच ठाऊक. पण पंधरा दिवस हा मुलगा स्वतःला ज्या गोष्टीसाठी शिक्षा देत होता, तिच्याखेरीज निदान दोन साधी कारणं समोर होती आणि ती त्याला दिसलीही नव्हती. मन दुखावलं की ते कारणं शोधत नाही, आधीपासून मनात बसलेल्या शंकेला पुरावा शोधतं.

तिसऱ्या भेटीत जे घडलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. बाहेर पाऊस कोसळत होता, पत्र्याच्या आवाजाने मोठ्याने बोलावं लागत होतं. तो एप्रिल-मेमध्ये एका बागेत आंबा भरायला जातो हे मला माहीत होतं. सहज विचारलं, पेटीत न बसणाऱ्या आंब्याचं काय करता?

“कॅनिंगला जातो, रस काढायला.” आणि लगेच, कडवट आवाजात, “म्हणजे मी कॅनिंगचा आंबा.”

मी गप्प राहिले. समजूत घालायला जीभ वळवळत होती, पण अशा वेळी घाई केली की माणूस परत मिटतो. थोड्या वेळाने त्याचे हात हलायला लागले. टेबलावर बोटांनी त्याने पेटी आखली.

“पण मॅडम, मोठा आंबासुद्धा काढतात.”

“तो कशाला?”

“पाच डझनाच्या पेटीत थर सारखा लागतो. एखादा जाडा आंबा घातला तर वरची फळी ठोकताना दबतो. एक दबला की कुजतो, मग बाजूचे पण जातात. म्हणून तो चार डझनाच्या पेटीत टाकायचा.”

“भरताना तू बघत काय असतोस? आंबा किती चांगला ते, की पेटीत काय बसेल ते?”

“पेटी,” तो म्हणाला. मग पुन्हा, हळू, “मी पेटी बघत असतो.” आणि तिकिटाशी चाळा करणारा हात पहिल्यांदाच थांबला.

इथे एक खबरदारी घ्यावी लागते, आणि ती बरेच जण घेत नाहीत. ‘म्हणजे तू मोठा आंबा आहेस’ असं मी म्हटलं नाही. त्याची आई बाहेर तेच म्हणत होती, जास्त शिकलेला म्हणून घेतला नसेल. ऐकायला बरं वाटतं, पण त्याने मूल परत वजनकाट्यावरच बसतं. आज वजन जास्त भरलं, उद्या दुसऱ्या दुकानाने नाही म्हटलं की कमी भरणार. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझा सगळा भर आहे तो याचसाठी. माणसाच्या कृतीला खुशाल गुण द्या, सबंध माणसाला देऊ नका, असं ते सांगत आले. ‘त्या जागेसाठी मला घेतलं नाही’ ही घडलेली गोष्ट आहे. ‘मी टाकाऊ आहे’ हे आपण तिला मागाहून लावलेलं शेपूट. पहिल्या वाक्याने वाईट वाटतं, वाटलंच पाहिजे, चार दिवस वाटू द्यावं. अंथरुणाला खिळवतं ते दुसरं वाक्य.

एलिस १९ वर्षांचे असताना मुलींशी बोलायला फार घाबरायचे. त्यांनी ठरवून न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकट्या बसलेल्या मुलीशी बोलायचं असं व्रत घेतलं. शंभर जणींशी बोलले. एकच भेटायला यायला कबूल झाली, तीही आली नाही. पण भीती गेली. हे सांगितल्यावर बाबू पहिल्यांदा हसला. “शंभर?”

“तुला दहा पुरे. दहा दुकानांत जाऊन काम आहे का विचार. नोकरी मिळवायला जाऊ नकोस, दहा वेळा ‘नाही’ ऐकायला जा.”

घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मुलगा मुलाखत देऊन आला की ‘काय झालं?’ असं दारातच विचारू नका. त्याला जेवू द्या. ‘काय काय विचारलं?’ हे दुसऱ्या दिवशी विचारा, निकालापेक्षा त्यात शिकण्यासारखं जास्त असतं. शेजारणीला उत्तर देण्याची जबाबदारी तुमची, त्याच्यावर टाकू नका. आणि मुलांनो, आठवड्याने दुकानात स्वतः जाऊन विनयाने विचारा की जागा भरली का, माझ्यात कुठे सुधारायला हवं. काहीजण सांगतात, काही सांगत नाहीत. राहण्याची सोय, रजा, गाडी यांची उत्तरं आधी घरात बसून ठरवून जा. बाबूच्या मामाचं घर कणकवलीत होतं, हे मुलाखतीत सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं.

मात्र दोन आठवडे उलटूनही झोप नाही, अन्न जात नाही, कशातच मन लागत नाही, किंवा जगून काय करू अशी भाषा येते, तर वाट बघू नका, डॉक्टरांकडे न्या. ‘टेलि मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन फुकट लागतो. आमच्याकडे अजूनही लोक आधी कौल लावायला जातात. श्रद्धेने जरूर जा, पण डॉक्टरही त्याच दिवशी गाठा.

बाबू शेवटचा आला तो ऑगस्टमध्ये. छत्री दारात उभी केली आणि वही उघडली. आठ दुकानांची नावं, प्रत्येकापुढे एक ओळ. ‘नाही.’ ‘दिवाळीला या.’ ‘नाही.’ ‘गाडी आहे का विचारलं, मामाकडे राहीन म्हटलं, फोन नंबर घेतला.’ सातवं नाव त्या हायवेवरच्या दुकानाचंच होतं. महिनाभर तो त्यासमोरून जायचं टाळत होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं, ‘जागा भरली. मॅनेजर बोलले नीट. बाबांसाठी रेनकोट घेतला.’

मी आणखी काही विचारणार होते, पण त्याने घड्याळ बघितलं. “दोन बाकी आहेत मॅडम,” म्हणाला, “दुपारी दुकानं बंद व्हायच्या आत जाऊन येतो.”